शिष्यवृत्ती कोणाच्या नावाने?
(आचार्य रातंजनकर आणि कैसरबागेतले संगीत महाविद्यालय)

१९ सप्टेंबर १९३६ रोजी गणेश चतुर्थी होती. घरोघर गणपती बसत असताना मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देह ठेवला. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, वाळकेश्वरचा, आणि तो दिवस गोकुळाष्टमीचा. येणे अष्टमीला आणि जाणे चतुर्थीला, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. शेवटची तीन वर्षे मात्र पक्षाघाताने अंथरुणावर गेली.

लखनौत स्थायिक झालेल्या आपणा मराठी मंडळींना हे नाव नवे नाही. कैसरबागेत रिक्षावाल्याला ‘भातखंडे’ एवढेच सांगितले तरी तो बरोबर फाटकापाशी नेऊन सोडतो. त्याच्या दृष्टीने ते एका जागेचे नाव आहे, माणसाचे नव्हे. एखाद्याचे नाव इतके रुजले की माणूस मागे पडतो, हेही एक प्रकारचे यशच म्हणायचे.

यंदा आपल्या समितीपुढे एक सूचना आली आहे. उत्सवाच्या शिलकीतून, या विद्यापीठात गाणे-वाजवणे शिकणाऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याला दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी. सूचना सर्वांनाच पसंत पडली. नाव कोणाचे द्यायचे, यावर बहुतेकांनी भातखंड्यांचे नाव घेतले. मला दुसरे नाव सुचवायचे आहे, आणि ते का, हे बैठकीच्या पाच मिनिटांत सांगून होण्यासारखे नाही. म्हणून स्मरणिकेची ही पाने मागून घेतली. मी गायक नाही, संगीताची परीक्षा कधी दिलेली नाही. कान तेवढा आहे.

ते नाव आहे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. शिष्यमंडळी त्यांना अण्णासाहेब म्हणत. आपल्यापैकी कित्येकांनी हे नाव ऐकलेलेही नसेल, आणि नेमके हेच माझे पहिले कारण आहे. पण त्यांच्याकडे वळण्याआधी भातखंड्यांनी काय केले ते थोडक्यात पाहावे लागेल.

भातखंडे व्यवसायाने वकील. पत्नी आणि मुलगी दोघीही अकाली गेल्यावर त्यांनी वकिली हळूहळू आटोपती घेतली आणि संगीताच्या शास्त्राचा ध्यास घेतला. १९०४ मध्ये दक्षिण, १९०७ मध्ये पूर्वेकडचा प्रदेश, १९०८ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थान, असे लांबलांबचे दौरे त्यांनी केले. रेल्वेवाला म्हणून मला याचे अधिक कौतुक वाटते. गाडीतून उतरायचे, गावात कोण पंडित, कोण उस्ताद आहे याची चौकशी करायची, त्यांच्याशी तासन् तास बोलायचे आणि रात्री सगळे वहीत उतरवून काढायचे. आगगाडीचे जाळे विणले गेले नसते, तर एका माणसाच्या आयुष्यात हे काम उरकले नसते. या खटाटोपातून दहा थाटांची मांडणी झाली, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग झाले आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या गेल्या. हे सगळे ग्रंथ मुळात मराठीत आहेत, ही गोष्ट इथल्या आपल्या हिंदीभाषक सहकाऱ्यांना सांगितली की ते चकित होतात. त्यांच्या हाती पडतात ती भाषांतरे.

आज भातखंड्यांवर टीकाही पुष्कळ होते. उस्तादांविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते, त्यांना शास्त्र कळत नाही असे ते लिहीत, त्यांच्या दहा थाटांत सगळे राग बसत नाहीत, असे अभ्यासक म्हणतात. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. पण या टीकेच्या संदर्भात एक गोष्ट सहसा कोणी पुढे मांडत नाही, आणि मला ती फार बोलकी वाटते. ज्या माणसाने हयातभर गाणे पुस्तकात उतरवले, त्याने आपला सर्वांत हुशार विद्यार्थी शिकायला पाठवला तो एका उस्तादाकडे.

तो विद्यार्थी म्हणजे रातंजनकर. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत जन्मलेला मुलगा. वडील पोलीस खात्यात नोकरीला, पण संगीताचे वेड असलेले. सातव्या वर्षी मुलाला गाणे शिकायला बसवले. प्रथम कृष्णंभट्ट होन्नावर, नंतर अंतूबुवा म्हणजे अनंत मनोहर जोशी, आणि पुढे खुद्द भातखंडे. शास्त्र, स्वरलिपी, बंदिशींचा साठा असे सगळे त्यांच्याकडून मिळाले. एवढ्यावर कोणीही गुरू म्हणाला असता, पोरगा तयार झाला. भातखंडे तसे म्हणाले नाहीत.

त्या वेळी बडोद्याच्या दरबारात आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ होते. आणि बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड होते. सयाजीरावांच्या संस्थानात १८८६ पासून उस्ताद मौलाबक्षांची गायनशाळा चालू होती. पुढे त्याच शाळेतून महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संगीत विभाग उभा राहिला. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी बडोद्यातच भरवली, ती महाराजांच्या आश्रयाने. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली, ती याच संस्थानची, हे आपण सर्व जाणतो. त्याच तिजोरीतून काही वर्षांनी एका गाणाऱ्या मुलालाही शिष्यवृत्ती मिळाली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. भातखंड्यांनी शब्द टाकला, बडोदे संस्थानने शिष्यवृत्ती दिली, आणि रातंजनकर फैयाज खाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द झाले. पुढची काही वर्षे त्यांनी बडोद्यात तालीम घेतली.

त्या पैशाने नेमके काय विकत घेतले, याचा विचार करा. पुस्तके नव्हेत, ती भातखंड्यांकडे होती. प्रमाणपत्रही नव्हे, खाँसाहेब प्रमाणपत्रे देत नव्हते. पोटाची चिंता न करता एका मोठ्या गवयाच्या पायाशी वर्षानुवर्षे बसण्याची सवड तेवढी विकत घेतली. आमच्या वर्कशॉपात अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो तो याच साठी. मॅन्युअल छापलेले असते, ड्रॉइंग भिंतीवर लावलेले असते. पण बेअरिंगच्या आवाजावरून दोष ओळखायचा तर जुन्या मिस्त्रीशेजारी दोन-तीन वर्षे उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही. तेवढी वर्षे त्या पोराच्या घरची चूल पेटती राहावी, ही स्टायपेंडची खरी किंमत.

आता लखनौकडे येऊ. १९२४ आणि १९२५ मध्ये संगीत परिषदेची अधिवेशने इथे भरली. संगीताचे कायमचे महाविद्यालय काढावे हा विचार तिथे पक्का झाला. संयुक्त प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांनी पुढाकार घेतला, आणि १९२६ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. उद्घाटन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते झाले, म्हणून नाव मॅरिस कॉलेज. अजूनही इथली जुनी माणसे तेच नाव घेतात. संस्था पुढे ज्या वास्तूत नांदली ती कैसरबागेतली परीखाना, नवाब वाजिद अली शहांनी गाण्या-नाचण्याच्या शिक्षणासाठी राबवलेली. १८५६ मध्ये इंग्रजांनी नवाबांना पदच्युत करून कलकत्त्याला धाडले. त्याच वास्तूत पाऊण शतकाने, इंग्रज गव्हर्नरच्या नावाने, एका मराठी पंडिताच्या अभ्यासक्रमावर पुन्हा सारेगम सुरू झाले. इतिहासाला असली गंमत सुचते खरी.

रातंजनकर मुंबई विद्यापीठाचे बी. ए. होते. सुरुवातीलाच ते लखनौला आले आणि १९२८ मध्ये प्राचार्य झाले. वय तिशीच्या आत. तिथून जवळजवळ तीस वर्षे ते इथेच राहिले. भातखंड्यांनी आराखडा काढला हे खरे, पण रूळ टाकून त्यावरून रोज गाडी चालवली ती रातंजनकरांनी. आमच्या खात्यात सर्व्हे करणाऱ्याचे नाव नकाशावर राहते. तीस वर्षे लाइन सांभाळणाऱ्याचे कुठेच राहत नाही.

त्या काळी संगीताच्या शाळांची एक टिंगल होत असे: इथून तानसेन नाही, कानसेन निघतात. घड्याळाच्या ठोक्यावर गाणे शिकवता येत नाही, असे जुन्या वळणाचे लोक म्हणत, आणि त्यात तथ्य होते. रातंजनकरांनी यावर लेख लिहून वाद घातला नाही. दिवसा महाविद्यालयात वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा. आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या घरात तालीम. काही मुले तर त्यांच्या घरीच राहत. थोडक्यात, बडोद्याला जे त्यांना संस्थानच्या खर्चाने मिळाले होते, ते त्यांनी लखनौला आपल्या संसारातून दिले.

यातले सर्वांत ठळक उदाहरण पंडित के. जी. गिंडे यांचे. कृष्ण गुंडोपंत गिंडे हे बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे. १९३६ मध्ये, म्हणजे भातखंडे गेले त्याच वर्षी, अकराव्या वर्षी हा मुलगा रातंजनकरांच्या घरी लखनौला आला. बेळगावहून लखनौ म्हणजे त्या काळी पुण्यापर्यंत मीटरगेज, तिथे गाडी बदलायची, मग ब्रॉडगेजने उत्तरेकडे. अकरा वर्षांच्या पोराला इतक्या दूर, परक्या मुलखात, गाणे शिकायला पाठवणारे आईवडील कसे असतील! मुलगा राहिला तो पंधरा वर्षे. घरातल्या मुलासारखा वाढला, घरातल्या मुलासारखा शिकला. पुढे त्यांना दोन हजारांच्या आसपास बंदिशी मुखोद्गत होत्या असे जाणकार सांगतात. मुंबईत शीवच्या वल्लभ संगीतालयात त्यांनी आणि त्यांचे गुरुबंधू एस. सी. आर. भट यांनी उरलेले आयुष्य शिकवण्यात घालवले. ते संगीतालय काढणारे स्वामी वल्लभदास हेही फैयाज खाँचे शिष्य. बडोद्याहून निघालेल्या दोन वाटा शीवला येऊन मिळाल्या त्या अशा.

नावे किती घ्यावीत? चिदानंद नगरकरांनी १९४६ मध्ये मुंबईत भारतीय विद्या भवनच्या संगीत विद्यालयाची सूत्रे हाती घेतली, पुढे तिथेच दिनकर कैकिणी आले. सुमती मुटाटकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागाची धुरा वाहिली. व्हायोलिनचे व्ही. जी. जोग इथेच शिकले आणि इथेच शिकवू लागले. रोशन हे सिनेसंगीतकार रातंजनकरांच्या हाताखालचे. तलत महमूद तर लखनौचेच; तेही तरुणपणी मॅरिस कॉलेजात एस. सी. आर. भटांकडे शिकले. सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, मुले येत. सुनील शांत हे चाळीसच्या दशकात इथे विशारद झाले, अमरदेव पन्नासच्या दशकात शिकून गेले. दोघांनीही पुढे आपल्या देशाच्या गाण्याला वळण दिले. अमरदेव २०१६ मध्ये वारले तेव्हा श्रीलंकेने त्यांना राष्ट्रीय सन्मानाने निरोप दिला.

याच सुनील शांतांच्या निमित्ताने रातंजनकरांच्या आयुष्यातली एक अवघड बाजू समोर येते, आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनने आपल्या कलावंतांची परीक्षा घेण्यासाठी रातंजनकरांना बोलावले. सुनील शांतांनी परीक्षेला बसायला साफ नकार दिला. आपल्या देशाच्या गाण्याची पारख हिंदुस्थानी रागदारीच्या मापाने का व्हावी, हा त्यांचा प्रश्न. त्यापायी त्यांचे रेडिओवरचे गाणे बंद झाले. ज्या संस्थेने त्यांना घडवले, तिच्याच आचार्यासमोर त्यांनी मान झुकवली नाही. गंमत अशी की त्याच भेटीत रातंजनकरांनी तिथल्या मंडळींना सल्ला दिला होता तो असा की तुमचे संगीत तुमच्या लोकगीतांतून उभे करा. सल्ला योग्य होता. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून दिलेला सल्ला ऐकणाऱ्याच्या कानाला वेगळा लागतो.

साधारण त्याच सुमारास आपल्याकडेही तेच घडत होते. केंद्रात नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, तेही मराठी. त्यांनी आकाशवाणीच्या कलावंतांसाठी ऑडिशनची पद्धत सुरू केली आणि मंडळाचे प्रमुखपद रातंजनकरांकडे आले. वर्षानुवर्षे मैफिली गाजवणाऱ्या गवयांना चाचणीला बसायला सांगितल्यावर भडका उडाला. कित्येकांनी बहिष्कार घातला. रातंजनकरांवर पुष्कळ चिखलफेक झाली. माझे मत विचाराल तर सरकारी पैशाने गाणे ऐकवायचे असेल, तर निवडीचा काही नियम हवा, ही गोष्ट खोटी नाही. पण मैफिलीचा राजा असलेल्या माणसाला आरोह-अवरोह विचारणे हेही शोभणारे नाही. स्वतः फैयाज खाँच्या पायाशी बसलेल्या माणसाला ही वेदना कळत नसेल असे मला वाटत नाही. तरी त्यांनी ते काम पत्करले, आणि त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. आज त्यांचे नाव मैफिलीच्या दुनियेत फारसे घेतले जात नाही, त्याचे एक कारण हेही असावे.

दुसरे कारण साधे आहे. त्यांनी गाण्यापेक्षा शिकवण्याला अधिक वेळ दिला. ‘सुजन’ या नावाने त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या. ‘अभिनव गीत मंजरी’चे भाग त्यांनी भरलेले आहेत. सालगवराळीसारखा राग त्यांनी हिंदुस्थानीत रूढ केला, दक्षिणेकडच्या वर्णमांच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत रचना केल्या, ‘गोवर्धन उद्धार’ आणि ‘झाँसी की रानी’ ही संगीतिका लिहिल्या. यातले पुष्कळसे विद्यार्थ्यांना काहीतरी समजावे म्हणून केलेले. फड जिंकण्यासाठी केलेले त्यात फार थोडे.

१९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास लखनौ सोडून ते खैरागढला गेले. खैरागढ आता छत्तीसगढमध्ये आहे. हावडा-मुंबई लाइनवर राजनांदगाव किंवा डोंगरगढला उतरून जावे लागते. तिथल्या राजा-राणीने अकाली गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ आपला राजवाडा देऊन १९५६ मध्ये संगीताचे विद्यापीठ काढले. रातंजनकर तिथे १९६० पर्यंत कुलगुरू होते. म्हणजे निवृत्तीच्या वयात माणसाने पुन्हा एकदा नवी संस्था, नवे वर्ग, नवा अभ्यासक्रम असा डाव मांडला. नंतर मुंबईला परत. १९६३ मध्ये संगीत नाटक अकादमीने फेलोशिप दिली. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले.

मॅरिस कॉलेज राज्य सरकारने १९६६ मध्ये ताब्यात घेतले आणि त्याला भातखंड्यांचे नाव दिले. २००० मध्ये ते अभिमत विद्यापीठ झाले आणि २०२२ मध्ये राज्य विद्यापीठ, भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. उस्ताद अहमदजान थिरकवाँनी इथे तबला शिकवला, बेगम अख्तर यांनी गाणे शिकवले. आजही गोरखपूर, बलिया, गोंड्याकडची मुले-मुली बॅगेत तानपुऱ्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र घालून चारबागला उतरताना मला दिसतात. फी त्यांना फारशी जड जात नाही. जड जाते ते खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण. मग शिकवण्या सुरू होतात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणे सुरू होते, आणि रियाझ मागे पडतो.

यासाठी शिष्यवृत्तीच्या स्वरूपाबद्दल माझ्या चार सूचना आहेत. व्यासपीठावर शाल-श्रीफळ आणि पाकीट, असे तिचे रूप नको. रक्कम दरमहा द्यावी, आणि ती खोलीभाडे आणि मेस यांच्या हिशेबाने ठरवावी. दरवर्षी नवा विद्यार्थी निवडण्याचा मोह टाळावा. एकालाच निदान तीन वर्षे मिळावी. एका वर्षात यमन सुद्धा पुरता बसत नाही. निवड करताना मार्कलिस्ट पाहावीच, पण त्याला शिकवणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना प्रत्यक्ष जाऊन विचारावे. आणि अर्ज गाणाऱ्यांपुरता ठेवू नये. सारंगी शिकणारे पोर आज शोधून सापडत नाही. सापडले तर त्याला प्रथम द्यावी. मराठी असण्याची अट तर मुळीच नको. बडोद्याने आंबेडकरांना आणि रातंजनकरांना दिले तेव्हा ते आपल्या संस्थानचे आहेत का, हे पाहिले नव्हते.

राहता राहिला नावाचा प्रश्न. भातखंड्यांच्या नावाचे अख्खे विद्यापीठ कैसरबागेत उभे आहे, त्यांना आपल्या छोट्या शिष्यवृत्तीची गरज नाही. सर्वसाधारण सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी आहे. ठराव मी मांडीन, अनुमोदनाला कोणीतरी उभे राहावे.